अण्णांच्या सेटवर गोरखचं ‘कुलूप’

श्रीरामपुरातलं माझं औषधाचं दुकान दुपारी जरा पेंगुळलेलं असतं. एका बाईंना खोकल्याची बाटली काढून देत होतो, तेवढ्यात पाथर्डीहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा मित्र गोरख याचे वडील. त्यांचा मंडप आणि साऊंडचा धंदा, त्यामुळे फोनवरही ते जत्रेत घोषणा केल्यासारखे बोलतात. त्या दिवशी मात्र इतके हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. “गोरख गेला रे...” हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती गड्यानं. त्या बाई दुकानातून कधी निघून गेल्या, मला कळलं नाही.

आमची ओळख नगरच्या होस्टेलवरची. आठवड्याच्या कपड्यांचा ढीग धुवायला बसलो की गोरख इअरफोनचं एक बोंड माझ्या कानात कोंबायचा. नव्वदच्या दशकात इंग्लंड-जर्मनीतल्या पोरांनी आपापल्या खोलीत बसून केलेलं हे संगीत. अँबियंट टेक्नो म्हणतात त्याला. ना गाणारा, ना शब्द. सिंथेसायझरचे लांबच लांब सूर आणि खाली एक ठोका. “ढोल हाय यात, पण पलीकडच्या आळीतला,” गोरख सांगायचा. मला आधी डोकेदुखीच वाटली. एकेक ट्रॅक इतका लांब, की बादलीतले कपडे वाळत घालून झाले तरी तो आपला चालूच. पण ऐकता ऐकता कधीतरी लागली गोडी. त्यातले काहीजण म्हणे मूळ नाव लपवून रेकॉर्डी काढायचे, वर फोटोही छापायचे नाहीत. गोरखला याचं भारी कौतुक. “न्हाईतर आपल्याकडं बघ, नारळ फोडायचा तरी ब्यानरवर धा थोबाडं.”

शिक्षण झालं आणि तो अण्णांच्याच धंद्यात शिरला. लग्नसराईत वरातीपुढे भिंतीएवढा डीजे लावायचा आणि मोकळ्या दिवशी मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर हे असले संथ ट्रॅक बनवायचा. मी चिडवायचो, “दिवसा गावाचे कान फोडतोस आणि मग मलम लावत बसतोस होय?” तो नुसता हसायचा. दिवाळीनंतर तिकडच्या वस्त्यावस्त्यांमधली माणसं ऊसतोडीला जातात, घरांना कुलपं लागतात. अशा ओस पडलेल्या वस्तीत जाऊन तो आवाज रेकॉर्ड करून आणायचा. कडीवर आपटणारं कुलूप, पत्र्यावरचा वारा, मागं राहिलेल्या एखाद्या म्हातारीचं कोंबड्यांना हाकणं. त्यातून त्यानं एक ट्रॅक केला, नाव ठेवलं ‘कुलूप’. मी तो कितीतरी वेळा ऐकलाय. संपला की पुन्हा पहिल्यापासून लावायचो, आणि का लावायचो हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

त्याची एकच हौस होती. हा ट्रॅक एकदा अण्णांच्या मोठ्या साऊंड सेटवर, उघड्यावर वाजवायचा आणि अण्णांनी तो ऐकायचा. “हेडफोनात याचा खालचा सूर घावतच न्हाई. त्याला मैदान लागतं,” तो म्हणायचा. अण्णा काही बधले नाहीत. “आरं, लोक म्हणतील सेट बिघडला. धंद्याचा आब जाईल.” तेही खोटं नव्हतं म्हणा. सेटमध्ये जराशी घुं अशी घरघर ऐकू आली तरी अण्णा सगळ्या वायरी तपासायचे. त्यांची उभी हयात ती घुं घालवण्यात गेली. गोरख थांबू, बघू म्हणत राहिला... आणि राहून गेलं.

दहावा झाल्यावर काही दिवसांनी अण्णांनी मला बोलावून घेतलं. सुतकापासून झाकून ठेवलेला सेट त्यांनी घरामागच्या माळावर एकट्यानं मांडला होता. “त्याचं ते लाव,” एवढंच म्हणाले. मी ‘कुलूप’ लावलं. खालचा सूर उठला तसा पायाखालचा मुरूम थरथरला. गोरख म्हणत होता ते खरं होतं. हा सूर मी कधी ऐकलाच नव्हता. पण अण्णांचा हात सवयीनं मिक्सरवर गेला आणि त्यांनी तो सूर पार उतरवून टाकला. “घुं येतीय.” “अण्णा, ती घुं नाही, ते त्यानंच घातलंय.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बटण हळूहळू परत वर नेलं. जरा वेळानं विचारलं, “गानं कवा सुरू व्हतंय?” “हेच गाणं आहे, अण्णा.” शेजारचे एक गृहस्थ सेटमध्ये बिघाड झालाय हे सांगायला लगबगीनं आले. अण्णांनी त्यांना हातानंच बसा म्हणून खुणावलं. ते बसले. वारा, कडी, म्हातारीची हाक, सगळं माळावरून जात राहिलं आणि अण्णा डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत राहिले.

ट्रॅक संपला. सेट चालूच होता, त्यामुळे स्पीकरमधून त्याची स्वतःची बारीक घुं तेवढी येत होती, कुठल्याही सेटमधून येते तशी. मी बंद करायला उठलो तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे. वाजतंय ना त्याचं अजून?”

“हो अण्णा,” मी म्हणालो. “वाजतंय.”