पलीकडच्या पेठेत जेवणारा कोच

औषधाच्या दुकानात काल कुणीतरी मलमाची ट्यूब उघडून तिथंच गुडघ्याला चोळत होतं. त्या उग्र, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वासानं मी काय घ्यायला आलोय तेच विसरलो. एकेकाळी आमच्या घराला हाच वास होता. थोरला भाऊ कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कर्णधार, बचावफळीतला दांडगा गडी. संध्याकाळी तो सरावाहून आला की आई नाकाला पदर लावून त्याचे गुडघे चोळायची आणि फुटबॉलला शिव्या घालायची. त्या वासामागोमाग मला तो हंगाम आठवला, गोव्याहून आलेल्या नव्या कोचचा.

आमचा संघ मैदानावर नाही, तालमीच्या कट्ट्यावर निवडला जायचा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जुनीजाणती मंडळी बसत, चहा होई, आवाज चढत आणि त्यातून अकरा नावं निघत. कोचनं आल्या आल्या सांगून टाकलं, नावं मी ठरवणार आणि सामन्याच्या सकाळीच सांगणार. कट्टा गप्प झाला. कोल्हापुरात कट्टा गप्प झाला की समजावं, काहीतरी शिजतंय. मग त्यानं सामन्याआधीचा तांबडा रस्सा बंद केला, तेही एक वेळ गिळलं. पण माझ्या भावाला बाकावर बसवून त्यानं त्याच्या जागी गडहिंग्लजचा एक सडपातळ खेळाडू उतरवला, तेव्हा माझं डोकं फिरलं. भावाचं जेवण कमी झालं.

अशात बातमी आली, की कोच रोज पलीकडच्या पेठेतल्या खानावळीत जेवतो. पलीकडची पेठ म्हणजे आमचे पिढीजात प्रतिस्पर्धी, आणि त्यांच्याशीच सामना तोंडावर आलेला. कट्ट्यावरचे एक आजोबा म्हणाले, ‘‘पावणं उगंच जात न्हाईत तिकडं. आपला डाव पोचवाय जात्यात की!’’ सगळ्यांना पटलं. मला तर ते सांगण्याआधीच पटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी थेट त्या खानावळीत जाऊन त्याच्या समोर बसलो. कोपऱ्यातल्या टेबलावर तो एकटाच भाकरी मोडत होता. इथं का जेवता, म्हणून विचारलं. तो तुटक मराठीत म्हणाला, ‘‘तुमच्या पेठेत मला सगळे प्रेमानं जेवायला बोलावतात. पण प्रत्येक घरी ताटात एक नाव वाढतात, याला खेळवा म्हणून. इथं माझ्याशी कोण बोलत नाही. जेवण जातं.’’ आमच्याच घरी आईनं त्याला पांढरा रस्सा वाढता वाढता भावाचं नाव घेतलं होतं. तरी माझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही. इतकं चोख उत्तर माणसाला आयत्या वेळी सुचतं कसं, याचाच मी परतताना विचार करत राहिलो.

सामन्याला स्टेडियम भरून गेलं होतं. भाऊ जर्सी घालून बाकावर, शेजारी कोच. शेवटी शेवटी पलीकडच्यांचा एक खेळाडू आमच्या गोलकीपरलाही चकवून गेला. त्यानं मारलेला बॉल गोलात जाणार इतक्यात गडहिंग्लजचा तो गडी कुठूनसा धावत आला आणि त्यानं तो रेषेवरून बाहेर टोलावला. सामना बरोबरीत सुटला. आमची माणसं नाचत होती आणि मी मात्र बघत होतो, की कोचनं त्यांच्या कोचचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवलाय.

मोटारसायकलवर मागं बसलेला भाऊ रंकाळ्यापाशी आल्यावर म्हणाला, ‘‘त्या बॉलपतूर मी पोचलोच नसतो.’’

मी गाडी कडेला घेतली. ‘‘हे बोलाय कोचनं शिकवलं व्हय तुला?’’

‘‘न्हाय रं. गुडघ्यानं.’’

हंगाम संपला, संघ गुणतक्त्यात मध्येच कुठंतरी राहिला आणि कोच आपल्या गावी निघून गेला. पुढच्या हंगामात भावानं नावच दिलं नाही. आई आता फुटबॉलला शिव्या घालत नाही. कट्ट्यावर अजून विषय निघतो आणि कोच फितूर होता हे सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच सांगतो. भाऊ तिथंच चहा पीत बसलेला असतो, ऐकतो आणि मला अडवत नाही. मला अडवू नये हे त्याला कळतं. कारण तो माणूस सच्चा होता असं एकदा कबूल केलं, तर माझ्या भावाचे गुडघे तेव्हाच थकले होते, हेही मला कबूल करावं लागेल.