काकूंचा ड्राइव्हवे आणि मोठी स्टीपलचेस

इतकी वर्षे झाली, तरी हिवाळ्यातला पहिला बर्फ ड्राइव्हवेवर साचला की मला ती केस आठवते. ती कोर्टात गेली नाही, तिच्यात कुणाला अटकही झाली नाही.

कॅनडातल्या केंब्रिजच्या पोलीस ठाण्यात मी तेव्हा डिटेक्टिव्ह होतो. मराठी समजणारा मी एकटाच, म्हणून ती निनावी टीप माझ्या टेबलावर आली. फोन करणाऱ्याने सांगितले होते की एका घराच्या बेसमेंटमध्ये दर शुक्रवारी भारतीय माणसे जमतात, इंग्लंडमधल्या घोड्यांवर पैजा लावतात आणि हरलेल्याला जिंकलेल्याच्या घरी राबावे लागते. वर, सगळे फिक्स असते. सार्जंटने ते दोनदा वाचले. "जुगाराच्या कर्जापायी वेठबिगारी?" त्याने विचारले. मी म्हटले, बघून येतो.

बेसमेंट एका निवृत्त गृहस्थांच्या मुलाचे होते. गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत. पुण्यात असताना ते वर्तमानपत्रात रेसचा कॉलम लिहीत. मुलाकडे राहायला आल्यावर त्यांना इंटरनेटवर जंप रेसिंग सापडले. कुंपणांवरून उड्या मारत धावायच्या या शर्यती तिकडे ऐन हिवाळ्यात होतात आणि त्यांची शनिवार दुपार म्हणजे आपली सकाळच्या चहाची वेळ. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी अण्णा दुसऱ्या दिवशीच्या रेसचा अंदाज सांगत: कोणाच्या पाठीवर किती वजन, कोण चिखलात चालतो, कोण कुंपणाशी कच खातो. ऐकायला पाचसहा जण, बहुतेक कार प्लांटमधले इंजिनिअर. आणि सत्तरी ओलांडलेल्या एक काकू.

पैज पैशांची नव्हतीच. प्रत्येकाने पाळीपाळीने एक घोडा निवडायचा. ज्याचा सर्वांत मागे राहील त्याने, ज्याचा सर्वांत पुढे येईल त्याचा ड्राइव्हवे आठवडाभर शोव्हल करायचा, म्हणजे फावड्याने बर्फ काढायचा. एवढाच नियम. यात गुन्हा काही नव्हता, फाइल तिथेच बंद करता आली असती. पण 'फिक्स' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. इंग्लंडमधली रेस केंब्रिजच्या बेसमेंटमधून कोण फिक्स करणार?

अनुभव असा, की टीप देणारा बहुतेक वेळा खोलीतलाच असतो. मी गेलो त्या शुक्रवारी एक तरुण इंजिनिअर संध्याकाळभर माझी नजर टाळत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला कॉफीला बोलावले. त्याने फार वेळ लावला नाही.

"सर, हरलो म्हणून फोन नाही केला," तो म्हणाला. "पण विंटर सुरू झाल्यापासून काकूंचा ड्राइव्हवे मीच शोव्हल करतोय. अण्णा मला म्हणतात, हा घे, हा शुअर आहे. तो हमखास कुठेतरी पडतो. आणि काकूंना बरोबर चांगला घोडा मिळतो. इट्स फिक्स्ड."

"तुमचं नुकसान काय झालं?"

त्याने विचार केला. "पाठ," तो म्हणाला. "आणि कुणी उल्लू बनवलं की राग येतोच ना."

अण्णांना मी ठाण्यात बोलावले. चौकशीच्या खोलीत मी प्रश्न कमी विचारत असे. गप्प बसलो की समोरचा आपणहून बोलू लागे. अण्णाही गप्प बसले. शेवटी मीच म्हटले, "त्या मुलाला तुम्ही मुद्दाम वाईट घोडा देता."

"देतो," ते म्हणाले. "तिशीतला माणूस आहे साहेब, त्याला काय धाड भरलीय?"

"आणि काकूंना चांगला?"

"काकूंचा मुलगा तिकडे दूर पश्चिमेला, बर्नाबीला असतो. त्यानं बजावलंय, या विंटरला तुला एकटीला जमलं नाही तर घर विकायचं आणि माझ्या कॉन्डोत यायचं. मिस्टर गेले ते याच घरात. काकूंना ते सोडायचं नाहीये."

"मग सरळ मदत करायची."

"केली की. पहिल्या बर्फाला आमच्यातले दोघं जाऊन शोव्हल करून आले. काकूंनी दिवसभर ओट्याशी उभं राहून दोघांच्या घरी पुरणपोळ्या पोचवल्या. मग आठवडाभर गुडघे धरून बसल्या. पुढच्या वेळी गेले तर दारातूनच परत पाठवलं. उपकार नकोत म्हणाल्या." अण्णा थोडे हसले. "जिंकलेल्या गोष्टीची परतफेड करावी लागत नाही, साहेब. ती हक्कानं घेतात."

तक्रारदाराला चौकशीचा निष्कर्ष कळवणे हा नियमच आहे. मी त्याला कळवला, काकूंच्या घराच्या गोष्टीसकट.

पुढच्या शनिवारी त्या हिवाळ्यातली सर्वांत मोठी स्टीपलचेस, म्हणजे कुंपणांवरची लांब शर्यत, होती. पैज होती उरलेल्या सबंध विंटरची, आणि काकूंचा मुलगा महिनाअखेर येणार होता. शुक्रवारी मीही गेलो. ठाण्याच्या भेटीने अण्णा खचलेले दिसत होते.

"आज अगदी खरं सांगतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ती तपकिरी घोडी. वजन हलकं, चिखल तिला आवडतो, कुंपणाशी आली की पाऊल तोलून टाकते. पहिल्या पाळीवाल्यानं तीच घ्यावी."

पहिली पाळी त्या इंजिनिअरची होती. त्याने छापील यादीवरून बोट फिरवले आणि अगदी तळाशी थांबवले. "मला हा म्हातारा द्या."

"अरे, तो गेल्या वेळी कुंपणासमोर नुसता उभा राहिला होता," अण्णा म्हणाले.

"असू दे. नाव आवडलं मला."

"काय बाई डोकं याचं," काकू म्हणाल्या. "मग घोडी मी घेते हो."

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले.

घोडी दुसरी आली. आमच्यात सर्वांत पुढे. म्हातारा याही वेळी कुंपणासमोर उभा राहिला. मुलगा बर्नाबीहून आला तेव्हा काकूंचा ड्राइव्हवे डांबर दिसेपर्यंत साफ होता. त्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या.

खरे काय ते शोधून काढणे हे माझे काम होते. सापडलेले खरे कुणाला सांगायचे आणि कुणापुढे झाकून ठेवायचे, हे मी या केसमध्ये शिकलो. मदत घेणाऱ्याची बाजू मात्र मला तेव्हा कळली नव्हती.

आता अण्णा नाहीत, काकूही नाहीत. यंदा पानगळीत माझी पत्नी गेली. बर्फ पडू लागल्यावर शेजारी फावडी घेऊन आले, त्यांना मी नम्रपणे परत पाठवले. जमेल माझे मला, म्हटले. दुपारी पुस्तक उघडायचे आणि त्याच पानावर संध्याकाळ व्हायची.

परवा शुक्रवारी तो इंजिनिअर आला. केस पिकले आहेत त्याचे आता. हातात छापील यादी होती.

"सर, उद्या मोठी स्टीपलचेस आहे. खेळायचं? जुनाच नियम."

त्याने आधी निवडला. सर्वांत जास्त वजनाचा, चिखलात कधीही न चाललेला. अण्णांच्या बेसमेंटमध्ये मी एवढे नक्कीच शिकलो होतो.

"नक्की हाच?" मी विचारले.

"नक्की. नाव आवडलं मला." तो खिडकीबाहेर बघत होता. खोटे बोलणारी माणसे मी नोकरीभर पाहिली. इतके वाईट खोटे बोलणारा क्वचितच भेटला.

मी चष्मा काढून पुसला. मग यादी जवळ ओढली आणि सर्वांत हलक्या वजनाचा घोडा घेतला.