खाली खोली आहे का?

दिल्लीतल्या मराठी माणसाचं सरकारी क्वार्टर म्हणजे पाटी न लावलेली धर्मशाळा. माझे बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि बाहेरच्या खोलीत एक दिवाण होता. त्या दिवाणावर कोण झोपलं नाही ते विचारा. व्हिसाच्या मुलाखतीला आलेले, वैष्णोदेवीला निघालेले, पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी जाऊन डोळे पुसत परतलेले, आणि 'सहज आलो होतो' असं म्हणत करोल बागेतून चार चार बॅगा भरून नेलेले. बाबांचा आतेभाऊ एक वेळ ठीक आहे हो. पण आतेभावाच्या साडूच्या शेजाऱ्यांनीही यावं आणि वर 'रात्री मऊ भात असेल ना?' म्हणून विचारावं? लोक मला तापट म्हणतात. दहावीचा अभ्यास मोरीच्या बाहेर स्टुलावर बसून केला असता तर त्यांनाही कळलं असतं.

आई मात्र कायम हसतमुख. चहा विचारला की प्रत्येक पाहुणा आधी हात हलवायचा, "नको नको, कशाला त्रास!" आणि आई वळायच्या आत म्हणायचा, "बरं, अर्धा कप चालेल." मग आई आत येऊन त्याची अशी हुबेहूब नक्कल करायची की बाबांना हसून हसून ठसका लागायचा. तिचा सूड एवढाच. चाळीस वर्षं तिने अर्धा अर्धा कप चहा केला, पण तिला कुणी कधी विचारला नाही. सुट्टीत गावी गेलो तरी 'दिल्लीची वहिनी आली, आता छोले होऊन जाऊ देत' असं म्हणून बायका तिलाच ओट्यापाशी उभी करायच्या. मला तेव्हाही त्यांचा राग यायचा आणि आजही येतो.

बाबा गेल्यानंतर आई माझ्याकडे नोएडाला आली. एका रविवारी पोहे खाता खाता ती म्हणाली, "मला एकदा पाहुणी म्हणून जायचंय."

"कुणाकडे?"

"कुणाकडेही. सकाळी उठून आयता चहा घ्यायचाय. आणि आपल्या दिवाणावरून उठून ती सगळी माणसं जायची तरी कुठे, तेही बघायचंय. लंडनला जाऊ."

शहात्तर वर्षांची बाई, गुडघे असे की मेट्रोचा जिना बघितला की लिफ्ट शोधायची. आणि म्हणे लंडन! पण तिने जन्मात काही मागितलं नव्हतं. मी तिकिटं काढली, आणि त्यातच माझा दम निघाला. राहण्याचा प्रश्न उरलाच.

ते काम माझ्या मुलीकडे गेलं, कारण फोनमधलं सगळं तिला कळतं. हॉटेलांचे आकडे बघून मी चष्मा पुसून परत बघितले. मग तिने हॉस्टेल काढलं. एका खोलीत आठ जणी, एकावर एक पलंग. "यार मम्मा, एकदम चीप आहे! आजी खालच्या बेडवर, मी वरती." आणि बाकीच्या सहा जणींचं काय, त्यांना आजीचं घोरणं सांगितलंय का, असं विचारल्यावर तो बेत बारगळला.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. आमच्या दिवाणावर झोपून गेलेले तीन जण आता लंडनमध्ये होते. तिघांनाही गोड गोड मेसेज टाकले. पहिल्याने लिहिलं, "अरे वा! पण नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडे रंग काढायचाय." दुसरीने लिहिलं, "नक्की भेटू, एखाद्या कॅफेत." तिसऱ्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. हा तिसरा आमच्याकडे सतरा दिवस होता आणि रोज रात्री मऊ भात खायचा! मी मनातल्या मनात त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नंबर दिला. लंडनच्या कडेला, म्हणजे त्यांचं नोएडाच म्हणा, एक मराठी आजीबाई एकट्या राहतात आणि मराठी प्रवाशांना खोली देतात. मूळच्या पुण्याच्या. मी मुलीला बजावलं, "मेसेज मराठीत लिही. आणि पाठवायच्या आधी मला दाखव."

बजावायला कारण होतं. दिल्लीत वाढलेल्या पोरीचं मराठी म्हणजे अर्ध्या डब्यात हिंदी. लहानपणी एकदा तिने पुण्याच्या एका काकांना ऐटीत सांगितलं होतं, "मला चांगली शिक्षा मिळतेय." काका घाबरून म्हणाले, "काय केलंस गं बाळा?" तेव्हापासून घरातल्या मराठीची पहारेकरी मी. 'नि' पहिला की दुसरा, 'पाणी'तला 'ण' कुठला, सगळं मी तपासते.

तिने लिहिलं होतं, "नमस्कार आजी, आम्ही तिघि जणी येत आहोत. तुमच्याकडे खाली खोली आहे का? माझ्या आजीला जिना चढता येत नाही." मी वाचलं. 'तिघी'चा घ दीर्घ केला, एक स्वल्पविराम घातला आणि पाठव म्हणाले. तासाभरात उत्तर आलं, "आहे. खालचीच आहे. चढायला एकही पायरी नाही. जरा अंधार असतो, म्हणून स्वस्तात देते." मुलीला अंधाराची शंका आली. मी म्हटलं, "अगं लंडन आहे ते, अंधार असणारच. बुक कर पटकन."

पोहोचलो तेव्हा दुपार होती आणि बारीक पाऊस होता. आजीबाई दारातच उभ्या होत्या. स्वेटरवर स्वेटर, कपाळावर टिकली, आईच्याच वयाच्या. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं, मग घराच्या पुढच्या लोखंडी कठड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या. तिकडून उतरायचं."

कठड्यातून मी वाकून बघितलं. विहिरीत उतरावं तशा अरुंद, उभ्या, ओल्या पायऱ्या. मी चौदा मोजल्या. तळाशी एक दार.

"काकू, ही काय थट्टा आहे?" माझा आवाज चढला. "आईला जिना जमत नाही असं लिहिलं होतं ना?"

"चढता येत नाही असं लिहिलं होतंत. इथे चढायचं नाहीये, उतरायचंय."

"आणि परत वर येताना?"

"ते तुम्ही विचारलं नव्हतंत. तुम्ही विचारलंत, खाली खोली आहे का. आहे ना! खाली!" त्यांनी फोन काढून मेसेज माझ्या नाकासमोर धरला.

मी वाचलं, परत वाचलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाली खोली. रिकामी खोली! अहो, रिकामी म्हणायचं होतं! हिंदीतलं खाली! आणि ते पोरीच्या नाही, माझ्या नजरेखालून गेलं होतं. मी, मराठीची पहारेकरी, 'तिघी'चा घ दुरुस्त करत बसले आणि चोर समोरच्या दारातून गेला. जन्मभर दिल्लीत कॅब खाली, सीट खाली, बाथरूम खाली करत करत माझ्याही तोंडातून 'रिकामी' कधी निघून गेली ते मला कळलंच नाही.

मुलगी हळूच म्हणाली, "मम्मा, ही कुणाची शिक्षा?" तिला फटका मारायला माझा एकही हात मोकळा नव्हता, दोन्हींत बॅगा होत्या.

मी आजीबाईंना वरची खोली मागितली. "वर माझी एकच झोपायची खोली आहे. ती भाड्याची नाही," त्या म्हणाल्या. पुण्याहून निघून कितीही वर्षं झाली असोत, आवाजात फरक पडला नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, हॉटेल बघतो. पण ते आकडे मला पाठ होते, आणि आईलाही. आई तिच्या बॅगेवर बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन. ती कुणावर रागावली नव्हती. कठड्याकडे बघत हळूच म्हणाली, "राहू दे गं. माझ्या नशिबात पाहुणचार नाहीच. चल, परत जाऊ."

ते ऐकलं आणि माझा तोल गेला. भर रस्त्यात, पावसात, मी आजीबाईंना सगळं ऐकवलं. दिवाण, मऊ भात, सतरा दिवसांचा तो हात जोडणारा, गावची छोल्यांची फर्माईश, चाळीस वर्षांचे अर्धे अर्धे कप. त्यांचा यात काडीचा दोष नव्हता, हे बोलताना मला ठाऊक होतं, तरी थांबवेना.

आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? एवढं बोलायची गरज नव्हती." आणि आईकडे वळून हात पुढे केला. "या वहिनी. माझ्या दाराला तीनच पायऱ्या आहेत. माझ्या खोलीत दोन पलंग आहेत, एक आमच्या यांचा. खूप दिवस खाली आहे."

"कुठलं खाली?" मुलगी न राहवून म्हणाली.

"तुमचं दिल्लीचं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

मी आणि मुलगी तळघरात राहिलो. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. पोरीला ते इतकं आवडलं की तिने बुटांचेच पन्नास फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चौदा पायऱ्या चढून वर गेले. आई नेहमीप्रमाणे उठून, अंघोळ आटोपून स्वयंपाकघरात पोहोचली होती आणि परक्या घरात चहाचं पातेलं शोधत होती. आजीबाई मागून आल्या. "वहिनी! पाहुण्यांनी ओट्याशी यायचं नाही. बसा तिथे."

आई बसली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. एकदा मांडीवर ठेवले, एकदा टेबलावर, एकदा उगाच पदर सारखा केला. आजीबाईंनी पाणी तापवलं, कपात पुडी बुडवली, वरून गार दूध ओतलं. आलं नाही, साखर नाही. दिल्लीत असला चहा आईने पाहुण्याला दिला असता तर ती आठवडाभर झोपली नसती.

आईने सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत तो चहा प्यायला. मी दारातच उभी होते. मला रडू यायला लागलं होतं आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

"आणखी देऊ?" आजीबाईंनी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं, डोळे मिचकावले आणि हात हलवला. "नको नको, कशाला त्रास!" आजीबाई किटलीकडून वळणार तेवढ्यात म्हणाली, "बरं, अर्धा कप चालेल."