जाऊबाईंचे ठोके

आमच्या घरात नवऱ्यानं बायकोचा हात धरलेला मी पहिल्यांदा पाहिला, तो डॉक्टरांच्या हुकमामुळे. मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. त्या गोळीनं ठोके मंदावतात. म्हणून सेलूच्या डॉक्टरांनी भावजींना बजावलं होतं, रोज सकाळी गोळीआधी, पेशंट शांत बसलेली असताना, पुरं मिनिटभर नाडी मोजा. पन्नासच्या खाली गेली तर गोळी देऊ नका, इकडे घेऊन या.

तेव्हापासून रोज ओसरीवर, सासूबाईंच्या देखत, भावजी अक्कांचं मनगट धरून बसायचे. एरवी चारचौघांत बायकोशी अवाक्षर न बोलणारा माणूस! सासूबाई पदर सावरून भलतीकडे बघायच्या. मी चुलीपुढे. खोटं कशाला सांगू, चुलीतल्या लाकडांपेक्षा मीच जास्त जळत होते. एकदा आमच्या ह्यांना म्हटलं, "मलाबी लय धडधडायलंय." पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चहा कमी पी."

आता 'शांत बसलेली' म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक? सुनेनं सकाळी उठून बसायचं, ही रीतच नव्हती. झाडलोट, सडा, पाणी उरकूनच अक्का हात पुढे करायच्या. त्यात चूक आहे असं कुणाला वाटलंही नाही. पण एक दिवस मी पाहिलं, रांजण काठोकाठ भरलेला, तरी अक्का आडावरून घागरीमागून घागर ओढतायत. लगेच येऊन ओसरीवर बसल्या. "त्रेपन्न," भावजी खुशीत म्हणाले. उठताना अक्कांनी डोळे मिटून दाराची चौकट धरली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, घागरी ओढून त्या ठोके चढवून घेतायत. ठोके कमी भरले तर गोळी बंद होणार, आणि ते मिनिटही.

मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एस.टी.चा भरवसा नव्हता, म्हणून देवगाव फाट्यावरून जीप धरली. सोबतीला मी. डॉक्टरांसमोर अक्का म्हणाल्या, "मला काईच तरास न्हाई." मी सगळं सांगून टाकलं, घागरी, चौकट, सगळं. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर पडून राहायला लावलं आणि थोड्या वेळानं मोजलं. चव्वेचाळीस. गोळी बदलून दिली. म्हणाले, आता घरी रोज मोजायची गरज नाही.

घरी माझं कोण कौतुक! "धाकटीनं जीव वाचविला," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काळजी नव्हती असं नाही. होती, पावशेरभर. बाकी सगळा जळफळाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी चहा पिऊन सरळ शेताकडे गेले. अक्का येऊन चुलीपाशी बसल्या. आवाजात राग नव्हता.

"तुझा हात कुणी धरंना, म्हून माझा सोडविलास व्हय गं?"

मला हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "सरका अक्का, भाकर करपायलीय."