छावणीतला सत्कार

पाऊस हुकल्याचं ते लागोपाठ दुसरं साल. सत्यभामा दोन बैलं घेऊन मांजरसुंब्याच्या अलीकडं चारा-छावणीत मुक्कामाला होती. वर ताडपत्री, खाली शेण आणि कानात पिवळा बिल्ला असलेली हजारभर जनावरं. बिल्ला असला तर चारा, न्हाईतर वाट धरायची.

तिचा शहादेव विमान चालवायचा. तालुक्यात तसला एकच. त्याच्या शिक्षणापायी अडीच एकर विकली तवा गाव हसलं होतं. चैत्रात त्याची कंपनी बंद पडली आणि गाव पुन्हा हसलं. तो आईपाशी छावणीत आला, की शेजारच्या दावणीवरचा सिदू खवचटपणे विचारायचा, "कामून काढलं रं तुला? इमान आपटलंस का काय?"

"कंपनीच बुडाली."

"मंग आपल्या कारखान्यावानी म्हण की."

एवढं मात्र सिदू खरं बोलला. विठ्ठलराव चेअरमननं सहकारी साखर कारखाना खाऊन खाऊन बंद पाडला आणि नाव दुष्काळाचं सांगितलं. शहादेवचा बाप भगवानराव तिथं बॉयलरवर होता. कामासाठी कर्नाटकात गेला आणि तिकडंच तापानं मेला. आता पोरगा व्हिएतनामला निघाला होता. तिथल्या विमान कंपनीत तीन वर्षांचा करार. आणि ही छावणीही विठ्ठलरावचीच.

शनिवारी त्याचा माणूस उत्तरेश्वर आला.

"काकू, उद्या विठ्ठलअण्णांच्या हातानं शहादेवचा सत्कार हाय. त्यानं माईकवर एवढंच म्हणायचं, अण्णांमुळं परदेशात नोकरी लागली."

"अण्णांनी काय केलं?"

"बैलं छावणीतच ठिवायची हायत नव्हं?"

शहादेव लालबुंद झाला. "मी असलं बोलणार न्हाई."

"बोलायचं," सत्यभामा म्हणाली. "दोन शब्दानं जीभ झडत न्हाई. बैलं मात्र मरतेल." म्हणाली खरी, पण रातभर दात खात पडली.

सकाळी बॅनर लागला. त्यावर विमानापेक्षा विठ्ठलरावचं तोंड मोठं. शहादेवला फेटा बांधला, शाल घातली. विठ्ठलराव माईकवर रंगात आला. "दुष्काळ असावा तर असा. आपल्या माणसाला जग दाखवतो. ह्याचे वडीलही असेच हिमतीनं बाहेर पडले होते."

लोकांनी टाळ्या पिटल्या. शहादेवनं माईक हातात घेतला. "अण्णांमुळं..."

"बस खाली," सत्यभामा उठून म्हणाली. मग विठ्ठलरावकडं वळली. "माझा मालक बाहेर पडला न्हाई. तुमी काढला. त्याला जाळायला हे लेकरू एकलं कर्नाटकात गेलतं. तवा कुठं होता तुमी?"

"काकू, कार्यक्रम चालू हाय," उत्तरेश्वर मधी पडला.

"तुमचा चालू हाय. माझं घर गेलं त्यात."

ती दावणीकडं गेली. विळ्यानं दोन्ही बिल्ले कापले आणि आणून विठ्ठलरावच्या पुढ्यातल्या हारांवर टाकले.

शहादेव फेटा काढून मागं पळत आला. "आई, मी तिकीट पुढं ढकलतो."

"कशाला? हितं आणखी एक तोंड वाढवायला? तुझी गाडी साडेचारची हाय. जा."

"अन् बैलं?"

"आज नेकनूरचा बाजार हाय. हाडं वर यायच्या आत विकते."

तिनं कासरा ओढला. बैलं हलंनात, माना मागं वळवून चाऱ्याकडंच बघायली. तिनं दावं दुमडलं आणि ज्या बैलाला उभ्या जन्मात बोट लावलं नव्हतं, त्याच्या पाठीवर सटकन ओढलं. मग दुसऱ्याच्या.