शेजारणीचा त्वुचेक

टाळेबंदीच्या साली मी पोराकडं आयर्लंडला अडकले, वॉटरफोर्डात. पोरगा औषधाच्या कारखान्यात, सून दवाखान्यात डॉक्टर. दिवसभर मी एकटीच. शेजारी पोलंडचं जोडपं. त्यातल्या बाईचं बोलणं मला कळंना, माझं तिला.

एकदा मागल्या दारी मी खलबत्त्यात दाण्याची चटणी कुटत व्हते. तिनं कुंपणावरनं मांस ठेचायची लाकडी हातोडी दावली. म्हणली, "त्वुचेक." मग तळव्यावर मूठ आपटली, "त्वुत्स, त्वुत्स." म्हंजे बडवायचं, म्हणून त्वुचेक. मला हसू आलं. आमच्यात बी धुणं धोपटायचं, म्हणून धोपाटणं.

त्या दिसापासनं भिंतीपल्याड धपाधप झालं की सून म्हणायची, "आई, आज परत कटलेट!"

"रोज कुटती बया. दात न्हाईत का नवऱ्याला?" मी म्हणायची. हसायचो आम्ही.

मग एक दिवस ती कुंपणापाशी आली. ओठ फाटलेला, डोळा सुजून मिटलेला. मी खुणेनं इचारलं, काय झालं गं?

"त्वुचे," म्हणली.

मला वाटलं, सैपाकाचं सांगती. तिचं हात बघितलं तर मोकळंच. तिनं घराकडं बोट केलं, आत नवरा व्हता. मग सोताच्या छातीवर बोट ठेवलं. "त्वुचे."

तवा उमगलं. आमचा मालक मला धोपाटण्यानंच धोपटायचा. एक बरगडी वाकडीच बसली. तवा शेजारचं कुणी आलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत हादराय लागली. मी पोराला फोन लावला, "पोलिसास्नी धाड हिकडं. शेजारचा मारून टाकतोय बायकूला."

"आई, तू बाहेर जाऊ नको हां!"

मी बत्ता घेतला आन् त्यांच्या दारावर हाणत सुटले. त्यानं दार उघडलं. हातात तीच हातोडी, तिला रगत आन् केस चिकटलेलं. बया जिन्याखाली पडलेली.

"ऊठ गं पोरी! भाईर नीघ!"

त्यानं मला ढकललं. मनगट कट्‌कन मोडलं. पर मी पडले ती उंबऱ्यातच आडवी, दार काय त्याला लावता येईना. पायानं ढोसलं, तरी हाललेच न्हाई. ती रांगत माझ्या अंगावरनं भाईर आली. तिचं रगत माझ्या लुगड्यावर. गल्लीतली माणसं धावली, मग पोलीस आलं.

तिचा एक कान गेला. जीव ऱ्हायला.