चारशे बारा किनारींची राखणदार

नागपूरच्या तांडापेठेत शालिकराम धकाते या विणकराच्या घरी अंजू जन्मली. आई मैनाबाई सुताच्या कांड्या भरता भरता रामटेकच्या रामरायाचे नाव घेई, बाप मागावर आडवे सूत नेणारा धोटा फेकता फेकता घेई, आणि पोर दोघांच्या मधे बसून तुटलेली तार सांधायला शिकली. तार तुटली तरी बाप कधी ओरडला नाही. एवढेच म्हणे, "ओढू नको वं पोरी. आधी पाह्य, कुठं तुटली." धन्य ते घर, जिथे लेकराला घाई करू नकोस हे इतक्या मायेने सांगितले जाते!

पुढे माग थांबले. अंजू तंत्रनिकेतनात शिकली आणि रामदासपेठेतल्या एका इस्पितळात संगणक सांभाळू लागली. तिथेच तिला लिनक्स भेटले. ज्याचे पोट कोणीही उघडून पाहावे, ज्यात हजारो अनोळखी हातांनी आपले कष्ट विनामोल ओतावेत, असे ते खुले तंत्र. त्याच्यावर तिचा जीव जडला. बापाच्या विणकर संस्थेच्या कार्यालयातला जुना संगणकही तिने त्यावरच चालवला.

त्या संगणकात शालिकरामजींचा प्राण होता. अकरा वर्षे घरोघर फिरून त्यांनी म्हाताऱ्या विणकरांच्या तोंडून आणि हातून जुन्या लुगड्यांच्या किनारी चौकटीच्या कागदावर उतरवल्या होत्या. चारशे बारा किनारी! पुढे कागदांना वाळवी लागली, पण त्याआधी अंजूने एकूण एक किनार संगणकाच्या डिस्कवर चढवली होती. दुसरी प्रत काढायची मात्र राहून गेली. ही चूक तिची, आणि ती हे कधी लपवत नाही.

दसऱ्याची सुट्टी संपून कार्यालय उघडले, तो संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच निरोप: डिस्क सापडत नाही.

दुरुस्तीवाला मोहित आला, दोनदा बटण दाबून म्हणाला, "डिस्क खतम, काका. फॉर्मेट मारून पाहू. जुनं सगळं जाईल, पण मशीन तरी चालंल."

"मारून टाक गा," संस्थेचे सचिव कवडूजी म्हणाले. कोपऱ्यातल्या बाकावर शालिकरामजी मान खाली घालून बसले होते. 

तेवढ्यात अर्धी रजा टाकून अंजू दारात उभी राहिली. "कोणी हात लावू नका!"

"काहून वं? तू का डिस्कची डॉक्टरीण आहेस?" कवडूजी हसले. "इस्पितळात राहून राहून तुलेही लागण झाली वाटते."

"नाडी तरी पाहू द्या, काका. तुम्ही तर थेट स्मशानघाटावर घेऊन चालले!"

तिने पिशवीतून पेन-ड्राइव्ह काढला. त्यात पूर्ण लिनक्स होते, आणि सोबत नाना प्रकारच्या डिस्कांशी बोलणारे दुभाषे, म्हणजे ड्रायव्हर. त्यावरून संगणक सुरू केला, आणि यादीत डिस्कचे नाव उमटले. तिने तपासणी लावली. डिस्क धडधाकट निघाली.

"मग मशीनले काहून दिसून नाही राहिली?" मोहित पुढे सरकला.

अंजूने यंत्राची रोजनिशी, म्हणजे त्याने स्वतःच टिपून ठेवलेल्या नोंदी, उघडली. भाविकाने पोथी वाचावी, एकही ओळ गाळू नये, तशी ती वाचत गेली आणि एका ओळीवर थबकली. डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर नेहमीचा नव्हता, भलताच होता. तिने संगणक बंद करून डबा उघडला. आत धुळीचा कण नव्हता. डिस्कवर हळदीकुंकवाची दोन बोटे होती.

"खंडेनवमीले मी पुसलं," बाकावरून क्षीण आवाज आला. "अवजार पुसल्याबिगर त्याची पूजा कशी करू? तारा काढल्या, पुसल्या, होत्या तशा लावल्या."

होत्या तशा लागल्या नव्हत्या. आत खाचांच्या दोन रांगा होत्या. दिसायला सारख्या, पण प्रत्येक रांगेचा ड्रायव्हर निराळा. जागे होताना संगणक जी लहानशी शिदोरी घेऊन निघतो, तीत अंजूने जागा वाचवायला पहिल्या रांगेचाच ड्रायव्हर बांधला होता. डिस्कची तार गेली दुसऱ्या रांगेत. डिस्क हाक मारत राहिली. ती भाषा जाणणारे कोणी सोबत नव्हते.

"म्हणजे माह्याच हातानं झालं," शालिकरामजी म्हणाले. "आता या डब्याले मी बोट लावणार नाही."

"सोप्पं आहे," मोहित म्हणाला. "तार जुन्या जागी घाला अन् वर चिठ्ठी चिकटवा, हात लावू नये."

अंजूने बापाकडे पाहिले. ज्या अवजाराला पूजेचा हात चालत नाही, ते विणकरांत नांदावे कसे? शिदोरी तिने बांधली होती. अपुरी पडली तर उणेपण तिचे.

तिने तार जुन्या खाचेत घातली आणि संगणक सुरू केला. प्रथम सर्व किनारींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. मग शिदोरीची गाठ सोडून दोन्ही रांगांचे ड्रायव्हर तीत बांधले, यंत्र बंद केले आणि म्हणाली, "बाबा, या. नवमीले लावली होती तिथंच तार लावा."

"मी? नाही वं."

"तुम्हीच."

शालिकरामजींनी तार दुसऱ्या रांगेत बसवली. अंजूने बटण दाबले. पडदा काळा राहिला. कवडूजी संगणकासमोरच्या खुर्चीत पुढे वाकले. मग ओळी धावू लागल्या, आणि संगणक उभा राहिला!

"कोणती किनार काढू, बाबा?"

"करवतीची. उमरेडच्या धोंडबानं दिलेली."

पडदाभर करवतीचे दाते उमटले. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पडद्याला नाक लावले आणि नखाने एकेक दाता मोजला. 

"इथं एक दाता कमी आहे," ते एकदम कडाडले. "उतरवताना चुकला. दुरुस्त कसं करतात, मले दाखव. कवडू, खुर्ची सोड गा, आम्हाले काम आहे."